किल्ली कोडमध्ये नकोच

रक्ततपासणीचा अहवाल मोबाइलवर येतो, डॉक्टरांची वेळ अ‍ॅपवरून मिळते. रुग्णांना याची आता सवय झाली आहे. असे अ‍ॅप बहुधा क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर चालते. रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस उघडण्यासाठी त्याला पासवर्ड लागतो. हा पासवर्ड ठेवायचा कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण रुग्णांची गोपनीयता त्यावरच टिकून असते.

अनेकदा घाईत तो प्रोग्रॅमच्या कोडमध्येच लिहिला जातो. घराला भक्कम कुलूप लावून किल्ली दारातल्या कुंडीखाली ठेवावी, तसाच हा प्रकार. कोड नव्या कर्मचाऱ्यांकडे, कंत्राटदारांकडे जातो, ‘गिटहब’सारख्या ठिकाणी साठवला जातो आणि त्याच्याबरोबर किल्लीही फिरते. २०१६ मध्ये ‘उबर’च्या खासगी गिटहब साठ्यात हल्लेखोरांना क्लाउडची किल्ली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती पडली. जपानमध्ये ‘टोयोटा’च्या एका सेवेच्या कोडचा काही भाग कंत्राटदाराकडून २०१७ मध्ये उघड्यावर गेला. त्यातली किल्ली जवळपास पाच वर्षे तशीच पडून होती.

यावरचा पहिला उपाय साधा आहे. त्याचे नाव एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. कोडमध्ये पासवर्डचे केवळ नाव लिहायचे. खरा पासवर्ड क्लाउडच्या सेटिंगमध्ये भरायचा. प्रोग्रॅम सुरू होताना तो तिथून वाचतो. चाचणीच्या सर्व्हरवर वेगळा पासवर्ड, प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर वेगळा. कोड मात्र एकच. त्यामुळे चाचणी करताना खऱ्या रुग्णांच्या नोंदींना धक्का लागण्याची भीतीही कमी होते. ‘हेरोकू’च्या अभियंत्यांनी तयार केलेल्या ‘ट्वेल्व्ह फॅक्टर अ‍ॅप’ या नियमावलीत याची कसोटीच दिली आहे: कोड या क्षणी जगजाहीर झाला, तरी एकही गुपित फुटता कामा नये.

अर्थात, एवढ्याने काम संपत नाही. सेटिंग सगळ्यांनाच दिसत असेल, किंवा बिघाडाच्या नोंदीत पासवर्ड छापला जात असेल, तर सारे मुसळ केरात. अतिसंवेदनशील किल्ल्यांसाठी स्वतंत्र तिजोरीसारख्या सेवा आहेत. आणि एकदा फुटलेली किल्ली नुसती पुसून चालत नाही. कोडच्या जुन्या आवृत्त्यांत ती उरतेच. ती बदलावीच लागते.

‘हे तांत्रिक आहे, कंपनी बघेल’, असे म्हणून रुग्णालयांनी हात झटकणे म्हणूनच योग्य नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेतील कुचराईसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, आणि काम बाहेरच्या कंपनीला दिले म्हणून जबाबदारी टळत नाही. करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. किल्ली कुठे ठेवली आहे? ती कोणाकोणाला दिसते? शेवटची कधी बदलली? उत्तर देताना कंपनी चाचपडली, तर सही थांबवावी. पासवर्ड नव्याने करता येतो. रुग्णाच्या आजाराची बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही.