कपाटामागची भिंत

गेल्या पावसाळ्यात आई चिपळूणहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. आली तेव्हा ठणठणीत होती. पंधरा दिवसांत खोकायला लागली, रात्री तर जास्तच. "हवापालट झालाय, होईल बरं," असं आम्ही म्हणत राहिलो. काढे झाले, हळद-दूध झालं. मग एके दिवशी तिची जपमाळ कपाटामागे पडली. ती काढायला नवर्‍याने कपाट ओढलं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. मागची भिंत काळी-हिरवी! आईची उशी तिथून जेमतेम दोन हातांवर.

खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटली. दोनच वर्षांपूर्वी ती भिंत खरवडून, 'बुरशी न धरणारा' महागाचा रंग लावून घेतला होता. म्हणजे बुरशीवर आम्ही पैसे खर्च केले होते, विचार मात्र केला नव्हता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात ओल आहे का, हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ओलसर घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध नोंदवलेला आहे. आपण मात्र बुरशीला अजून 'भिंत खराब दिसते' एवढंच समजतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते आपल्याला थांबवता येत नाहीत. धूळ, प्लायवूड, रंग हे त्यांचं खाणंही घरोघर आहेच. आपल्या हातात उरते ती फक्त ओल. आणि ही ओल पावसाचीच असते असं नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत २० लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन घरात सुटतं! हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना, मग लेकाने रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं समीकरण मांडून दाखवलं. यात भाताची वाफ, आंघोळीचं गरम पाणी आणि बेडरूममध्ये दोरीवर वाळणारे कपडे मिळवा. ही वाफ बाहेर गेली नाही तर जिथे भिंत गार आणि हवा थांबलेली तिथे जाऊन बसते. अर्थात, कपाटामागे.

"पण बाहेरच धो-धो पाऊस, खिडक्या उघडून काय कोरडं होणार?" हा आमच्या घरातला जुना वाद. नवर्‍याचं अर्धं बरोबर आहे. जुलैत आपल्याकडची बाहेरची हवाच दमट, खिडकी उघडून घर कोरडं ठणठणीत होत नाही. पण आतली वाफ त्यात भर घालत राहते, ती तरी बाहेर जायला हवी की नको?

आणि ती जायच्या वाटा आपणच बुजवल्यात. बाल्कनी खोलीत घेतली. सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या, त्यांची एक बाजू कायम बंद. एसी आला तशी दारावरची झडप खिळे ठोकून बंद केली. आजोळच्या घरात आतल्या भिंती छपराला भिडलेल्या नव्हत्या, चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. तिथेही पावसात चपलांना बुरशी यायचीच, उगाच जुन्याचे गोडवे गात नाही. पण त्या घरात हवा कोंडून राहत नसे.

असो. आम्ही काय केलं ते सांगते. आधी बाहेरून पाणी मुरत नाही ना, ते बघून घेतलं. भिंत गळत असेल तर हवेने काही होत नाही. आईची खोली बदलली. नाकाला मास्क, हातात मोजे घालून भिंत साबणाच्या पाण्याने धुतली, पुरती वाळू दिली. कपाट भिंतीपासून ४ इंच पुढे घेतलं. बाथरूमचा एक्झॉस्ट नुसताच घरघरायचा, कारण आत हवा यायला फटच नव्हती. सुताराकडून दार खालून थोडं तासून घेतलं. स्वयंपाकघरातला पंखा आता गॅस बंद केल्यावरही पंधरा मिनिटं चालतो. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, हा नियम. या सगळ्याचा खर्च त्या महागाच्या रंगापेक्षा कितीतरी कमी.

माझं म्हणणं एवढंच की बुरशी रंगार्‍याकडे सोपवू नका. ती दिसली की घरात हवा कुठे अडली आहे ते शोधा. कारण त्या कोंडलेल्या हवेचा त्रास घरातल्या सगळ्यात नाजूक छातीला होतो, आणि ती छाती बहुधा तान्ह्या बाळाची नाहीतर म्हातार्‍या माणसाची असते. ती माणसं तक्रार करत नाहीत. आईनेही केली नव्हती.

गणपतीला ती चिपळूणला परतली तेव्हा खोकला बराच उतरला होता. नंतर एकदा फोनवर म्हटलं, "येतेस का पुन्हा?" तर म्हणाली, "येते गं. पण कपाट अजून पुढेच आहे ना?"

नातेवाईक मंडळी, तुम्हीही वाचताय ना? आज एकदा कपाट ओढून बघाच.