शेळीची आकृती आणि सरकारी फीत

धनेगावाजवळ मांजरा नदीला बांध घातलेल्या केज तालुक्यात शेळीची परीक्षा आजही नजरेनेच होते. आणि ती नजर, अडाणी म्हणून हेटाळावी अशी मुळीच नसून, कानांची लांबी, शिंगांचे वळण (काही माद्यांना तर शिंगेच नसतात) व जबड्याची ठेवण एका दृष्टिक्षेपात तोलणारी असते. सरकारी दप्तरात मात्र इथली उस्मानाबादी जातीची शेळी बहुधा उंची, लांबी व छातीचा घेर या फितीच्या आकड्यांपुरतीच उरते. त्यांतून आकारमान कळते, आकृती निसटते.

ही आकृती मोजता मात्र येते. जीवशास्त्रज्ञ डार्सी टॉम्सन यांनी १९१७ साली प्राण्यांची रूपांतरे चौकटींच्या जाळीवर रेखाटली, आणि पुढे संख्याशास्त्रज्ञांनी कवटीवरील ठरावीक बिंदू मुक्रर करून, त्यांतून स्थान, दिशा व आकारमान वजा केल्यावर जी उरते ती निव्वळ आकृती मोजण्याची रीत सिद्ध केली. दोन कळपांतील भेद रक्ताचा की चाऱ्याचा, याचा निवाडा एवढ्याने होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु संकराने मूळ ठेवण किती ढळली, हे पिढ्यान्‌पिढ्या ताडता येईल. तेव्हा असे बिंदू ज्यांवर नेमता येतील अशी, शेळ्यांची मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे पशुसंवर्धन खात्याने तालुकावार जतन करण्याची तजवीज विनाविलंब करावी.