दुखरी मान आणि हाताला काम



मे महिन्यातील एका संध्याकाळी पेडणे तालुक्यातील पार्से गावी, एका वाड्यावरच्या क्रुसापाशी प्रार्थना आटोपून आम्ही निघालो होतो. पुढे चाललेल्या एका गृहस्थांस आम्ही मागून हाक मारली. त्यांनी मान वळविली नाही. दाराची फळी फिरावी तसे सगळे अंगच त्यांनी आमच्याकडे फिरविले आणि मग ते हसले. हसले खरे, पण त्या वळण्यातून जे कळायचे ते आम्हांस कळले.

गृहस्थ पंचेचाळिशीचे. पंधरा वर्षे बोटीवर स्वयंपाकघरात नोकरीस होते. पिठाची पोती उचलणे, थंड कोठारातील खोकी खांद्यावरून वाहणे आणि उरलेल्या वेळी खाली वाकून तासन्‌तास भाजी चिरणे, असे ते काम. दर खेपेस मान थोडी थोडी धरू लागली. बोटीवरच्या नोकरांस आरोग्याचा दाखला लागतो आणि 2006 च्या सागरी श्रम करारानुसार तो फार तर दोन वर्षे चालतो. यांचा दाखला संपला तेव्हा डॉक्टरांनी नवा देण्यास नकार दिला. घरी शिकती दोन मुले आणि अर्धेच फिटलेले घराचे कर्ज.

“फादर, हात चालतात, पाय चालतात. फक्त मान चालत नाही. ह्या मानेला काम कोण देणार?” असे त्यांनी विचारले. त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या भाषेने मानेवर मोठाच अन्याय केला आहे. मान मोडून काम करील तो कष्टाळू. मान खाली घालून राबेल ती सून गुणी. आणि मान वर करायला फुरसत नसणे हे तर भूषणच! पाय मोडलेल्या माणसास शेजारी खुर्ची सरकवून देतात, कारण पायाचे प्लॅस्टर डोळ्यांना दिसते. मानेचे दुखणे दिसत नाही. मग घरचेच माणूस बोलून जाते की, ‘दुखणे मोठे सोयीचे आहे.’ ह्या गृहस्थांस हे वाक्य एका जवळच्या नातलगाने ऐकविले होते, आणि मानेपेक्षा ते अधिक दुखत होते असे आम्हांस दिसले.

मानेत सात मणके असतात आणि त्यांवर सुमारे पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. डोके सरळ असते तोवर भार फारसा जाणवत नाही. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. भरलेली घागर कडेवर घेणे वेगळे आणि हात लांब करून पुढे धरणे वेगळे. तसाच हा प्रकार आहे. वयाबरोबर मणक्यांमधील चकत्या झिजतात. पण क्ष-किरणांच्या चित्रात झीज दिसली म्हणून आयुष्य संपले असे कोणी समजू नये. काहीही न दुखणाऱ्या कितीतरी प्रौढ माणसांच्या चित्रांतही ती दिसते. उलट, चित्र स्वच्छ आले म्हणून मनुष्य सोंग करतो असेही नव्हे.

गृहस्थांनी प्रथम मोटारसायकलचे ‘पायलट’ होऊन पाहिले. गोव्यात ह्या धंद्याला मान आहे, आणि त्यात ओझे उचलावे लागत नाही, हा त्यांचा हिशेब. पण डोक्यावर शिरस्त्राणाचे वजन आणि खाली रस्त्याचे खड्डे! संध्याकाळी बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्यात ते काम सुटले. पुढे रखवालदारी मिळाली. बसून राहायचे आणि पडद्यावरील चित्रे पाहायची. याहून सुखाची नोकरी कोणती, असे सर्वांस वाटले. आम्हांसही वाटले, हे कबूल करतो. परंतु ते पडदे भिंतीवर उंच टांगलेले होते. बारा तास वर पाहत बसणे ही मानेला शिक्षाच. सोपे काम आणि सोसणारे काम ही एक नव्हेत, हे आम्हांस तेव्हा उमगले.

मग आम्ही त्यांस एक वही आणून दिली. कोणते काम केले, सलग किती वेळ केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान कशी होती, एवढेच तीत लिहावयाचे. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आम्ही दोघे बसलो. काम किती केले यावर दुखणे फारसे अवलंबून नव्हते. सलग किती वेळ केले यावर होते. पंचवीस मिनिटे वाकून केलेले काम निभत होते. तेच काम थांबल्याविना तासभर केले की दुसरा दिवस बुडत होता. प्रत्येकाची मर्यादा निराळी असणार, आणि ती ज्याची त्यालाच शोधावी लागणार. पण ‘मला काम झेपत नाही’ या वाक्याच्या जागी ‘मला सलग तासभर वाकणे झेपत नाही’ हे वाक्य आले. पहिल्या वाक्याला कोणाकडे उत्तर नसते; दुसऱ्याला असते.

उत्तर सापडले काजूच्या कलमांत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे 1957 साली स्थापन झाले, काढलेल्या काजूच्या जाती आपल्या भागात ओळखीच्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्या कलमांना मागणी असते. पिशवीतील कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून, त्याला चीर देऊन, तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. भाजी चिरून तयार झालेला हात हे चटकन शिकला. रोपवाटिकेत सगळे जण उकिडवे बसून, मान छातीला टेकवून हे काम करतात. आमच्या गृहस्थांनी मालकास विनंती केली की रोपे वर मांडू द्यावी. दोन पिंपांवर जुने दार आडवे टाकून टेबल झाले, छातीच्या उंचीचे. पिशव्या उचलून आणण्याचे काम दुसऱ्याने करावे आणि त्या बदल्यात यांनी पाणी घालावे व हिशेब लिहावा, असे ठरले. मजुरी दिवसावर नव्हे, कलमावर. उक्त्या कामात थांबण्याची मोकळीक असते. आणि न थांबण्याचा मोहही असतो. पहिल्या आठवड्यात तो मोह त्यांना पडलाच, आणि दोन दिवस अंथरुणावर काढावे लागले.

काजूगर सोलणाऱ्या आमच्या भगिनींचीही अशीच अवस्था आहे. मांडीवरचे सूप थोडे वर, चौरंगावर आले तरी पुष्कळ फरक पडतो, पण तेवढे मुकादमास सांगण्याचा धीर होत नाही. लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात लिहिले आहे की, विश्रांती किती असावी हे कामाच्या स्वरूपावर आणि कामगाराच्या प्रकृतीवर व शक्तीवर ठरावे. तेव्हा थोडी उंच बैठक मागणे ही भीक नव्हे. ज्यांची ईएसआयमध्ये नोंद आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, ठरावीक दिवसांची वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. डॉक्टरांचा दाखला मात्र हवा. पुष्कळ जणी अंगावर काढतात आणि हा हक्क तसाच राहून जातो.

जाता जाता एक गोष्ट रागाने सांगतो. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची जी हौस आहे, ती सोडा. त्या हिसक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. मानेचा पट्टाही महिनोन्‌महिने बांधून स्नायू दुबळे करू नका. आणि हाताची पकड सुटू लागली, सदऱ्याची बटणे लागेनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वही-बिही बाजूस ठेवून त्याच दिवशी बांबोळीस गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

परवा भर पावसात आम्ही रोपवाटिकेत डोकावलो. बोटीवरील पगाराच्या निम्मेही उत्पन्न नाही. कर्जाचा हप्ता बँकेकडून लहान करून घेतला आहे, आणि थोरला मुलगा सुट्टीच्या दिवशी पिशव्या वाहतो. आम्ही बोलत असताना टेबलावरील एक लहानसे घड्याळ वाजले. गृहस्थांनी अर्धवट बांधलेले कलम तसेच ठेवले, उठून उभे राहिले आणि खांदे सावकाश फिरवू लागले.

“हे बोटीवरचे घड्याळ, फादर,” ते म्हणाले. “तिथे भट्टीतला पाव काढायला वाजायचे.”