परीक्षेच्या फॉर्मची तारीख जाण्याआधी

रत्नागिरीकरहो, तुमच्या वाडीतलं एखादं पोर कॉलेजला जाईनासं झालं असेल, तर आजच त्याच्या घरी जा. उद्यावर ढकलू नका.

पोरं एका दिवसात कॉलेज सोडत नाहीत. आधी सकाळची एसटी चुकते. पहिला तास बुडतो, मग बुडतच राहतो. एखादा विषय राहतो, एटीकेटी लागते. एप्रिलमध्ये बागेत हापूसच्या पेट्या भरायला माणूस हवा असतो आणि परीक्षाही त्याच सुमाराला. बाप आजारी पडला की मुलगा मिरकरवाड्याच्या बोटीवर खलाशी होतो. मुलीला स्थळ येतं. 'शिक्षण सोडलं' असं घरात कुणी म्हणतही नाही. परीक्षेचा फॉर्म तेवढा भरायचा राहतो आणि सगळं तिथंच थांबतं.

तो फॉर्म भरून घ्या. पैसे कमी पडताहेत का, हे आपणहून विचारा; पोरं सांगत नाहीत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय का, बघा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोबत जा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी प्रक्रियेतून हवा, एवढंच. हे ठाऊक नसलेला बाप फीच्या धास्तीनं मुलीचं लग्न उरकतो. त्याला जाऊन सांगा!

चाकरमान्यांनो, गणपतीत गावी आलात की 'चल मुंबईला, चिकटवतो कुठंतरी' असं तुम्ही मायेनंच म्हणता. पण थोडं थांबा. बारावीवर लागलेली नोकरी सुटली, तर पुढचीही बारावीवरच शोधावी लागते आणि तोवर घरात खाणारी तोंडं वाढलेली असतात. आधी पदवी पुरी होऊ द्या.

गोगटे कॉलेज १९४५ सालचं. तिथं शिकलेले कितीतरी जण आज याच शहरात दुकानं, दवाखाने, शाळा चालवतात. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर एका मुलाच्या एसटी पासचा भार उचला. विद्यार्थ्याला भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे पडतात. तुम्हाला ते जड नाहीत.

आणि ज्यानं आधीच सोडलंय, त्यालाही गाठा. काम करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. नव्या शैक्षणिक धोरणात शिकलेल्या वर्षाचे श्रेयांकही खात्यावर जमा राहतात. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल.

फॉर्मची शेवटची तारीख कॉलेजच्या फलकावर लागते. ती आज बघा आणि त्या पोराला सोबत घेऊनच खिडकीपाशी जा.