षष्ठीतले आजोबा

“आजोबांची झडप बदलायची का?” ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेल्या हृदयरुग्णांच्या घरी हा प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. भाषा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना त्यातील विभक्ती खटकते. आजोबा येथे षष्ठीत आहेत, केवळ झडपेचे धनी म्हणून. कर्ता आहे तो अध्याहृत ‘आपण’: मुले, सुना, जावई. ज्याच्या छातीत ही झडप आहे तो वाक्याचा कर्ता नाही, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे.

वयाबरोबर महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचते, तिच्या पाकळ्या ताठरतात आणि हृदयाला अरुंद फटीतून रक्त ढकलावे लागते. मग जिना चढताना दम लागतो, छातीत दुखते, कधी शुद्ध हरपते. पूर्वी छाती उघडून झडप बदलणे हाच खरा उपाय होता. तो ज्यांना सोसणार नाही त्यांची बोळवण औषधांवर होई. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआं शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन सत्तावन्न वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयात नवी झडप बसवली. आज ‘टावी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत, प्राण्याच्या हृदयावरणापासून केलेली मिटलेली झडप बहुधा जांघेतील धमनीतून आत नेऊन उघडतात. जुनी झडप काढीत नाहीत; तिला कडेला रेटून नवी तिथे उभी राहते. तेव्हा ‘बदलणे’ हे क्रियापदही सैलच म्हणायचे.

याहून सैल अशी दोन वाक्ये घरोघर ऐकू येतात. एक, “आता या वयात कशाला?” दुसरे, “कापाकापी नाही, काही त्रास नाही.” २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीने दोहोंनाही उत्तर दिले आहे. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या, सरासरी ८३ वर्षांच्या रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले सुमारे ५१ टक्के वर्षभरात दगावले. टावी झालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे वय हे नकाराचे पुरेसे कारण नव्हे. पण ते ३१ टक्केही विसरता येत नाहीत, आणि पहिल्या महिन्यात मोठा पक्षाघात झालेले ५ टक्केही. दुसऱ्या गटात ते १ टक्का होते. पुढे उपकरणे आणि कौशल्य दोन्ही सुधारली, धोके घटले. तरी काहींना पेसमेकर लागतोच. शिवाय विस्मरण, मूत्रपिंडाचा विकार, खंगलेले शरीर यांवर नवी झडप हा इलाज नाही. जखम लहान असली म्हणून निर्णय लहान ठरत नाही.

आमच्या साहित्याने वृद्धांकडे पाहिले नाही असे नव्हे. ‘नटसम्राट’ किंवा ‘संध्याछाया’ यांतील वृद्ध आपण वर्गात शिकवतो. तिथे व्यथा आहे ती उपेक्षेची, एकाकीपणाची. आज काही घरांत नेमकी उलट स्थिती दिसते: काळजी घेणारे भोवती आहेत, अहवालांची फाइल हातोहात फिरते आहे, आणि त्या प्रेमळ गलबल्यात म्हाताऱ्या माणसाचे मत तेवढे विचारायचे राहून जाते. या वृद्धत्वाचे चित्रण आमच्या लेखनात यायला हवे.

विचारले की उत्तर ठरलेले असते असा आक्षेप कुणी घेईल: “तुम्ही ठरवाल ते.” किंवा, “माझ्यावर कशाला एवढा खर्च?” परंतु ओळींमागचा अर्थ शोधायला शिकवणाऱ्यांनी तरी ही वाक्ये वरवर वाचू नयेत. खर्चाच्या बोलण्याआड ओझे होण्याचे भय असू शकते, जगण्याची इच्छा असू शकते, किंवा खरोखरच पुरे झाल्याची शांत भावनाही. खर्च लाखांतला असल्याने हे भय खोटेही नाही. तिन्हींचे शब्द तेच. अर्थ वेगळे, आणि म्हणून निर्णयही वेगळे. ते ओळखायचे तर डॉक्टरांच्या खोलीत जाण्यापूर्वी फाइल बाजूला ठेवून एकदा निवांत बसावे लागेल. काय करता यावे असे तुम्हांला वाटते? बाजारापर्यंत चालत जाणे? रात्री उशीला टेकून का होईना, नीट झोपणे? की आता कुणी हातच लावू नये? होकार असो वा नकार, त्या वाक्याचे कर्तेपण आजोबांकडे असावे, एवढेच आमचे म्हणणे.