दुर्मिळ म्हणे!



पावसाळा लागला की एक बातमी ठरलेली. अमुक गावात दुर्मिळ महाकाय फुलपाखरू आढळले! फुलपाखरू नव्हे हो, तो ॲटलास पतंग.

परवा रात्री कोकणातून भाच्याने फोटो पाठवला. अंगणातल्या दिव्याशी आलेला हाच पतंग, वर प्लास्टिकची टोपली पालथी. "मामा, सकाळी पोरांना दाखवून सोडतो."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, आत्ताच सोड आणि दिवाही मालव.

"एक रात्र ठेवला तर काय बिघडलं?"

बिघडतं ते असं. वीतभर पंख, टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी, एवढा थाट. पण याला खाताच येत नाही. अळी असताना जो पाला खाल्ला, त्याच पुंजीवर सगळं चालतं. जगतो जेमतेम आठवडा-दोन आठवडे. रात्री मादी गंध सोडते आणि नर आपल्या पिसांसारख्या मिशांनी माग काढत रानातून येतो. त्यातली एक रात्र टोपलीखाली गेली तर ती लहान गोष्ट नाही.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतो? १९८४ साली शाळेच्या विज्ञानाच्या कपाटासाठी मीच एक मादी टाचणीने पुठ्ठ्यावर लावली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर अंडी दिसली. मी ती फडक्याने पुसून टाकली. तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही.

आणि 'दुर्मिळ' म्हणायचा आपल्याला काय अधिकार? याची अळी दालचिनी, पेरू, लिंबू असा पुष्कळ झाडांचा पाला खाते. बोटाहून लांब, फिकट हिरवी, अंगावर मऊ काटे आणि पांढरी भुकटी. ती दिसली की आपण औषध फवारतो नाहीतर चपलेखाली घेतो. तिचाच पतंग झाला की मात्र फोटो! माझ्या मते दालचिनीची चार पानं गेली तर जाऊ द्यावीत. फांदीला वाळकं, गुंडाळलेलं पान लटकलेलं दिसलं तर छाटण्याआधी हाताने चाचपावं. आत कोश असू शकतो.

भाच्याने टोपली उचलली. पतंग बराच वेळ नुसता पंख थरथरवत बसला, मग गडग्यापलीकडे गेला म्हणाला. पोरं सकाळी माझ्यावर रुसली आहेत.