हुकूम राणीचा, कौल सत्याचा

देवाचे ऐकायचे की माणसाचे, हा प्रश्न देवळात फारसा पडत नाही. तो पडतो कचेरीत, कारखान्यात आणि सगळ्यात जास्त घरात. साहेब म्हणतात, "एवढ्या कागदावर सही करून टाका, बाकीचं मी बघतो." सासूबाई म्हणतात, "मुलाच्या आजारपणाचं मुलीकडच्यांना सांगायची काही गरज नाही." संघटनेचा पुढारी म्हणतो, "आपला माणूस आहे, त्याच्या बाजूनेच बोलायचं." आणि आतून मात्र कुणीतरी सारखे टोचत असते, 'हे बरोबर नाही!' अशा वेळी ऐकायचे कुणाचे?

या प्रश्नाचे एक मोठे बोलके उत्तर भिलाईत घडले आहे. छत्तीसगडातल्या दुर्ग शहराला लागून असलेले हे पोलादाचे गाव. सोव्हिएत रशियाच्या मदतीने येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून माणसे पोटासाठी येथे आली. एकेका सेक्टरमध्ये बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि मराठी बिऱ्हाडे शेजारी शेजारी राहू लागली. आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगडी लोकही कारखान्यात कामाला लागले.

याच भिलाईत १९७४ साली रायपूरचे नाटककार हबीब तनवीर यांनी गावाकडच्या कलावंतांना घेऊन एक शिबिर भरवले. राजस्थानचे लेखक विजयदान देथा यांच्याकडून मिळालेली एका चोराची लोककथा त्यांच्या मनात घोळत होती. तिचे जेमतेम तयार झालेले नाटक भिलाईच्या उघड्या मैदानावर सतनामी समाजाच्या लोकांपुढे झाले. पुढे तेच 'चरणदास चोर' या नावाने जगभर गाजले. १९८२ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगल यांनी १९७५ साली त्यावर चित्रपटही काढला. त्यातली राणी म्हणजे आपली स्मिता पाटील!

कथा साधीच आहे. शिपायाला चुकवत चुकवत चरणदास एका साधूच्या पायाशी येऊन बसतो. साधू म्हणतो, चोरी सोड. चोर म्हणतो, ते माझे पोट आहे, कसे सोडू? त्याऐवजी तो गमतीगमतीत चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि कुणी दिले तरी राज्य घेणार नाही. भणंग चोराला या गोष्टी कोण देणार? पण साधूही पक्का. तो स्वतःची एक शपथ घालतो : खोटे बोलायचे नाही. चोर चाचरतो, पण वचन देतो.

पुढे चरणदास राजाच्या खजिन्यातून पाच मोहरा चोरतो. संधी साधून मुनीमही पाच लाटतो आणि दहाचा आळ चोरावर टाकतो. चोराला दरबारात उभे करतात तेव्हा तो सरळ सांगतो, "पाच मी घेतल्या." मुनीम उघडा पडतो आणि राणी चोराच्या खरेपणावर भाळते. ती हत्ती पाठवते, तो बसत नाही. सोन्याचे ताट मांडते, तो जेवत नाही. लग्नाचे विचारते, तो नाही म्हणतो. शेवटी राणी विनवते, "मी विचारलं आणि तू नकार दिलास, एवढं तरी कुणाला सांगू नकोस." चरणदास तेही कबूल करू शकत नाही. कुणी विचारले तर खोटे कसे बोलणार? राणी हुकूम सोडते आणि चोराचा जीव जातो.

त्या रात्री समोर बसलेल्या सतनामी प्रेक्षकांना ही गोष्ट परकी वाटणे शक्य नव्हते. त्यांच्या पंथाचा पायाच सत्य हा आहे. परंपरेप्रमाणे १८ डिसेंबर १७५६ रोजी गिरौदपुरीत जन्मलेल्या गुरू घासीदासांनी हा पंथ छत्तीसगडात रुजवला. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, विहिरीवर येऊ देत नव्हते, त्यांना घासीदासांनी सांगितले की सत्यनाम हाच ईश्वर, त्याला मूर्ती नको आणि मध्यस्थही नको. दारू सोडा, मांस सोडा, सगळी माणसे सारखी माना. वस्तीवस्तीत उभा असलेला पांढऱ्या झेंड्याचा जैतखाम ही त्यांची खूण. भिलाई-दुर्गच्या परिसरातही १८ डिसेंबरला जयंती होते आणि मांदराच्या ठेक्यावर पंथी नाच रंगतो.

गांधीजींनीही आपले जुने वाक्य उलटे केले होते. 'ईश्वर सत्य आहे' असे न म्हणता ते 'सत्य हाच ईश्वर आहे' असे म्हणू लागले. पुढे नोव्हेंबर १९३३ मध्ये, अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यात ते दुर्गला आले. ज्या भूमीत हा विचार शंभर वर्षे आधी निरक्षर शेतमजुरांनी जगायला घेतला होता, तिथेच!

मग देवाचे ऐकायचे म्हणजे कुणाही माणसाचे ऐकायचे नाही, असा अर्थ घ्यायचा का? इथे जरा थांबून विचार करायला हवा.

पहिली अडचण अशी की देव स्वतः येऊन बोलत नाही. त्याच्या नावाने बोलतो तो बहुधा माणूसच. कुणी बाबा सांगतो, कुणी महाराज सांगतात, कुणाच्या अंगात येते. घासीदासांनी मध्यस्थ नाकारला, पण त्यांच्यामागे गुरूची गादी वंशपरंपरेने चाललीच. माणसाला समोर कुणीतरी लागते. त्यामुळे ज्याला आपण देवाचा कौल समजतो, तो दुसऱ्याच कुणाची मर्जी तर नाही ना, हे तपासून घ्यावे लागते.

ते तपासायचे कसे? चरणदासाच्या गोष्टीतच त्याची कसोटी सापडते. त्याने वचन पाळले, त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. दुसऱ्याचा बळी दिला नाही. 'देवाने सांगितलंय' म्हणून सुनेने उपास करायचा, मुलीने शिक्षण सोडायचे, पैसे भावाने द्यायचे आणि सांगणाऱ्याला मात्र काहीच सोसायचे नाही, असे दिसले की खुशाल समजावे, हा आवाज देवाचा नव्हे. खरा कौल बहुतेक वेळा आपल्याच सोयीच्या आड येतो.

दुसरी गोष्ट. जिथे ज्ञानाचा आणि नियमांचा प्रश्न असतो, तिथे जाणत्या माणसाचे ऐकणे यात देवाचा अपमान नाही. भिलाईच्या कारखान्याला हे कुणी शिकवायला नको. १२ जून २०१४ रोजी तिथे विषारी वायूच्या गळतीने ६ जणांचा जीव घेतला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या भागात वायुवाहिनीचे काम चालू असताना आग भडकली आणि पुन्हा अनेक घरांवर आकाश कोसळले. ज्या वायूला रंग नाही, वास नाही, त्याच्यापुढे 'देव बघून घेईल' म्हणून चालत नाही. तिथे मोजणीचे यंत्र बघावे, मुखवटा चढवावा, सुरक्षा अधिकारी 'थांबा' म्हणाला की थांबावे. डॉक्टरांच्या औषधाचेही तसेच. देवाला नमस्कार करून गोळी वेळेवर घ्यावी!

पण समजा, मोजणी केलेलीच नाही आणि कुणी म्हणाले, "केली असं लिहून टाका." तेव्हा काय करायचे? पगार आहे, बढती आहे, क्वार्टर आहे, मुलांच्या शाळा आहेत. हुकूम देणारा समोर उभा आहे आणि ज्याचा जीव जाऊ शकतो तो अजून पाळीवर आलेलाही नाही. ही सही न करणे म्हणजेच रोजच्या जगण्यात देवाचे ऐकणे. त्याला घंटा वाजत नाही, कौल लावावा लागत नाही, फुले उजवीकडे पडली की डावीकडे हे पाहावे लागत नाही.

घरातही असेच. मुलाचे आजारपण लपवून लग्न जमवायचे नाही, एवढे सासूबाईंना नम्रपणे सांगता येते. आवाज चढवावा लागत नाही, वडीलधाऱ्यांचा मानही राखता येतो. चरणदासानेही राणीला उलट उत्तर दिले नाही की तिच्याविरुद्ध बंड केले नाही. त्याने फक्त खोटे बोलायला नकार दिला.

आपल्यापैकी कुणावर राणी मरणाचा हुकूम सोडणार नाही. फार तर साहेबांची नाराजी, चार दिवसांचा अबोला, एखादी हुकलेली बढती. चोराने पाळले, त्या मानाने आपल्याला पाळायचे आहे ते फार थोडे. तेवढे जमले तरी पुरे!